जाहिरातीतले साल: अमेरिकी मोटारी, दूरचित्रवाणी आणि दरवर्षीचा नवा नमुना

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील मोटारउद्योगाचे वर्ष जानेवारीत सुरू होत नसे. ते सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होई आणि त्याला पुढच्या इसवी सनाचे नाव मिळे. १९५६च्या शरदात विक्रीला आलेली गाडी ‘१९५७ची’ म्हणून ओळखली जाई. या व्यापारी वर्षाला ‘मॉडेल वर्ष’ म्हणत. गाडीच्या किमतीपासून तिच्या मालकाच्या प्रतिष्ठेपर्यंत अनेक गोष्टी त्यावर ठरत. दूरचित्रवाणीने हे वर्ष निर्माण केले नाही, परंतु एरवी कारखानदार, वितरक आणि हौशी ग्राहक यांच्यापुरते राहिले असते ते साल तिने घराघरांत नेले. त्या काळच्या जाहिरातींकडे आज बहुधा गाणी, नट्या आणि चकचकीत क्रोम यांचा संग्रह म्हणून पाहिले जाते. त्या प्रत्यक्षात काय विकत होत्या हे पाहू गेल्यास मात्र असे दिसते, की गाडीच्या खालोखाल, आणि कधी कधी गाडीच्याही आधी, त्या तारीख विकत होत्या.

दरवर्षी रूप पालटण्याच्या प्रथेचे मूळ १९२०च्या दशकात सापडते. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८पासून १९२७पर्यंत मूलतः एकाच स्वरूपात तयार होत राहिली आणि तिची संख्या दीड कोटींच्या घरात गेली. स्वस्त, टिकाऊ आणि न बदलणारी गाडी हेच त्या कारखान्याचे तत्त्व होते. दशकाच्या मध्यापर्यंत ज्याला गाडी परवडत होती त्याच्याकडे बहुधा ती आलेली होती, आणि नव्या गाडीचा खरा स्पर्धक दुसऱ्या कंपनीची गाडी नसून ग्राहकाच्याच दारात उभी असलेली जुनी, पण अजून चालणारी गाडी हा ठरू लागला होता. १९२३ साली जनरल मोटर्सचे अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी या अडचणीवर तीन बाजूंनी उपाय केला. कंपनीच्या शेव्हरोले, पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबाइल, ब्यूइक आणि कॅडिलॅक या नावांची किमतीनुसार चढती श्रेणी लावण्यात आली. १९१९मध्ये स्थापन झालेल्या वित्तसंस्थेमार्फत गाडी हप्त्यांवर मिळू लागली. आणि गाडीचे रूप ठरावीक काळाने पालटण्याची पद्धत हळूहळू रुजली. दरवर्षीचा बदल हे विसाच्या दशकात जाहीर केलेले धोरण नव्हते, हे स्लोन यांनीच पुढे आपल्या आत्मकथनात मान्य केले आहे. १९२७मध्ये हॉलिवूडमधील श्रीमंतांसाठी गाड्यांचे सांगाडे सजवणारे हार्ली अर्ल यांना बोलावून कंपनीने रूप आणि रंग यांच्यासाठी स्वतंत्र विभाग उघडला, तेव्हा या पद्धतीला घर मिळाले.

बदल म्हणजे नेमके काय, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण जाहिरातीची भाषा आणि कारखान्याचा हिशेब यांतील अंतर त्यातच आहे. पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे अत्यंत महाग असत, आणि त्यांचा खर्च वसूल होण्यासाठी एकाच साच्यातून लाखो पत्रे निघावे लागत. म्हणून सांगाड्याचा मूळ घाट साधारण तीन वर्षे तसाच ठेवायचा आणि मधल्या वर्षांत फक्त पुढची जाळी, बंपर, दिव्यांच्या कडा, बाजूची क्रोमची पट्टी आणि आतील कापड बदलायचे, अशी रीत पडली. इंजिन, चाके जोडणारा सांगाडा आणि ब्रेक हे बहुतेक वेळा पूर्वीचेच असत. शेजाऱ्याला रस्त्याच्या पलीकडून गाडीचे साल ओळखता आले पाहिजे, ही या कौशल्याची कसोटी होती. नव्या गाड्या शरदात आणण्याची पद्धत मात्र सौंदर्यदृष्टीतून आली नव्हती. १९३५पासून मोटारींचे वार्षिक प्रदर्शन जानेवारीऐवजी नोव्हेंबरात भरू लागले, ते मंदीच्या काळात कामगारांचा रोजगार वर्षभर अधिक सारखा राहावा या रूझवेल्ट शासनाच्या आग्रहामुळे.

युद्धामुळे फेब्रुवारी १९४२मध्ये खासगी गाड्यांचे उत्पादन थांबले, आणि १९४६मध्ये विक्रीला आल्या त्या बहुतांशी युद्धापूर्वीच्याच गाड्या होत्या, थोड्या नव्या सजावटीसह. तरीही खरेदीदारांच्या रांगा लागल्या, कारण लोकांना गाडी हवी होती, तिचे साल नव्हे. ही भूक १९५०च्या सुमारास शमली, आणि नेमक्या त्याच वेळी दूरचित्रवाणी पसरू लागली होती. १९५०मध्ये अमेरिकेतील सुमारे ९ टक्के घरांत दूरचित्रवाणी संच होता. १९५५पर्यंत हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास आणि १९६०पर्यंत ८७ टक्क्यांच्या आसपास गेले. गाडीवाल्यांना पुन्हा एकदा दारातील जुन्या गाडीशी झुंजायचे होते, आणि या वेळी त्यांच्या हाती असे साधन आले की ज्यात गाडी धावताना दिसे, तिचे दार उघडताना दिसे आणि तिच्याविषयी ओळखीचा चेहरा बोलत असे.

आरंभीच्या दूरचित्रवाणीत जाहिरात ही कार्यक्रमाच्या मध्ये येणारी गोष्ट नव्हती. कार्यक्रमच जाहिरातदाराचा असे. प्रायोजक, म्हणजे खर्च उचलणारी कंपनी, आपल्या जाहिरातसंस्थेमार्फत कार्यक्रम तयार करवून घेई आणि वाहिनीकडून केवळ वेळ विकत घेई. आकाशवाणीच्या जमान्यातील ही पद्धत मोटारकंपन्यांना फार मानवली. एड सुलिव्हन यांचा रविवारचा विविधरंगी कार्यक्रम १९४९पासून लिंकन-मर्क्युरी या फोर्डच्या विभागाने चालवला, आणि सुलिव्हन स्वतः देशभर हिंडून त्या गाड्यांच्या वितरकांच्या मेळाव्यांना हजेरी लावत. ग्राउचो मार्क्स यांच्या प्रश्नमंजुषेचा प्रायोजक डिसोटो-प्लिमथ होता, आणि डिसोटोच्या बोधचिन्हाला पाडलेल्या भोकातून डोके बाहेर काढून मार्क्स प्रेक्षकांना त्या गाडीच्या दुकानात जाण्याची आठवण करून देत. विनोदी कलाकार मिल्टन बर्ल यांच्यामागे काही काळ ब्यूइक उभी होती, लॉरेन्स वेल्क यांच्या वाद्यवृंदामागे डॉज. गायिका डायना शोर यांनी शेव्हरोलेसाठी गायिलेले, देश गाडीतून पाहण्याचे आवाहन करणारे गीत आणि कार्यक्रमाच्या अखेरीस त्यांनी हात पसरून प्रेक्षकांकडे फेकलेले चुंबन यांची जोडी तर इतकी पक्की झाली, की गायिका कंपनीची की कंपनी गायिकेची, हे सांगणे अवघड व्हावे.

प्रायोजकाच्या या मालकीहक्कातून काही गमतीदार प्रसंगही घडले. बोलणाऱ्या घोड्याची विनोदी मालिका ‘मिस्टर एड’ १९६१मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा प्रायोजक स्टुडबेकर होता. घोडागाड्या बनवण्यापासून आरंभ केलेल्या कंपनीने मोटारी खपवण्यासाठी घोड्याकडेच जावे, हा योग कोणा विनोदी लेखकालाही सहज सुचला नसता. ‘रूट ६६’ या १९६० ते १९६४ या काळातील मालिकेत, मिळेल ते काम करीत देशभर भटकणारे दोन तरुण शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट गाडीतून फिरत, आणि प्रत्येक हंगामात त्यांच्याकडे त्या वर्षाची नवी कॉर्व्हेट असे. एवढे पैसे त्यांच्याकडे कोठून आले, याचा खुलासा कथानकाने कधीच केला नाही. ‘बोनान्झा’ ही मालिका एकोणिसाव्या शतकातील पशुपालकांची असल्यामुळे तिच्या कथेत मोटार शिरणे शक्यच नव्हते; तेथे शेव्हरोलेने मालिकेतील नटांनाच जाहिरातींत नव्या गाड्यांशेजारी उभे केले.

या व्यवस्थेचा खरा लाभ वेळापत्रकाचा होता. दूरचित्रवाणीचा नवा हंगाम सप्टेंबरात उघडे, आणि त्याच सुमारास नव्या गाड्या येत. उन्हाळ्यात मोठ्या कार्यक्रमांचे जुने भाग पुन्हा दाखवले जात, त्याच आठवड्यांत वितरक जुन्या सालाच्या गाड्या सवलतीने काढून टाकत. मग शोरूमच्या काचा कागदाने झाकल्या जात, गाड्या ताडपत्रीखालून रात्री उतरवल्या जात, आणि ठरलेल्या दिवशी पडदा उघडे. तो दिवस लहान गावांत जत्रेसारखा साजरा होई. गुप्ततेचे हे नाटक कंपन्यांना जितके उपयोगी होते तितकेच प्रेक्षकांनाही आवडत असे, हे विसरता कामा नये. त्यांना निव्वळ भुलवलेले समजणारे टीकाकार या सामूहिक उत्सुकतेतील आनंद हिशेबात धरत नाहीत.

कृष्णधवल पडद्यावर गाडी दाखवणे सोपे नव्हते. स्टुडिओतील प्रखर दिव्यांखाली क्रोम डोळे दिपवी, आणि दोन रंगांत रंगवलेली गाडी पडद्यावर राखाडी रंगाच्या दोन छटांत दिसे, त्यामुळे रंगांचे कौतुक निवेदकाला शब्दांतच करावे लागे. म्हणून आरंभीच्या जाहिरातींत बोलणे फार आहे: निवेदक गाडीभोवती फिरतो, जाळीवर हात ठेवतो, मागचा कप्पा उघडतो, काचेची रुंदी सांगतो. पुढे चित्रफितीवरील जाहिराती वाढल्या तेव्हा बोलणे घटले आणि निसर्गदृश्ये आली. शेव्हरोलेच्या १९६४च्या इम्पाला गाडीची जाहिरात या वळणाचा कळस म्हणावी अशी आहे. यूटा राज्यातील मोआबजवळच्या, सुमारे ४०० फूट उंच, ताशीव खडकाच्या माथ्यावर उघड्या छपराची गाडी हेलिकॉप्टरने तुकड्यातुकड्यांनी नेऊन जोडण्यात आली आणि तिच्यासोबत एका तरुणीला तेथे उभे करण्यात आले. वाऱ्यामुळे त्या तरुणीला खाली आणण्यास हेलिकॉप्टरला बराच अवधी लागला. ज्या जागी गाडी कधीच जाऊ शकत नाही तेथे ती ठेवून गाडीविषयी काही सिद्ध होत नाही, परंतु सिद्ध करण्याचा काळ तोवर मागे पडला होता.

जेथे सिद्ध करण्याचा प्रयत्न झाला तेथे कधी कधी तो अंगलट आला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस लिबी-ओवेन्स-फोर्ड ही काचकंपनी आणि जनरल मोटर्स यांनी जनरल मोटर्सच्या गाड्यांतील घासून गुळगुळीत केलेल्या काचेची तुलना इतर गाड्यांच्या साध्या काचेशी केली. साध्या काचेतून बाहेरचे दृश्य वेडेवाकडे दिसे, उत्तम काचेतून स्वच्छ दिसे. संघराज्याच्या व्यापार आयोगाच्या चौकशीत निष्पन्न झाले, की वाकडेपणा वाढवण्यासाठी साध्या काचेवर व्हॅसलिनचे पट्टे ओढले होते आणि ज्या ‘उत्तम काचेतून’ दृश्य टिपले होते ती काच मुळात खाली उतरवलेली होती. आयोगाचा मनाईहुकूम १९६५मध्ये अपील न्यायालयाने कायम केला. बहुतेक जाहिरातींना अशा लबाडीची गरज पडत नसे, कारण त्या पडताळता येण्याजोगे विधानच करीत नसत.

त्यांचे मुख्य विधान काळाविषयीचे असे. १९५७च्या प्लिमथ गाडीसाठी क्रायस्लरने ‘अचानक १९६० उजाडले’ अशा आशयाचे घोषवाक्य वापरले. व्हर्जिल एक्सनर यांनी रेखलेली ती बुटकी, रुंद, मागे उंच पंख उभारलेली गाडी खरोखरच इतरांपेक्षा तीन वर्षे पुढची दिसत होती, आणि या एका वाक्याने रस्त्यावरील बाकीच्या सर्व गाड्या, त्यांत त्याच कंपनीची गेल्या वर्षीची गाडीही आली, एका झटक्यात जुन्या ठरवल्या. घाईने उत्पादनात आणलेल्या त्या गाड्यांत पाणी झिरपू लागले आणि पत्रा गंजू लागला, त्यामुळे खरोखर १९६० आले तेव्हा त्यांतील बऱ्याच गाड्यांची रया गेलेली होती. पंखांची ही स्पर्धा १९४८च्या कॅडिलॅकपासून सुरू झाली होती. दोन शेपट्यांच्या लढाऊ विमानावरून सुचलेला तो लहानसा उंचवटा १९५९च्या कॅडिलॅकवर पोहोचेपर्यंत टोकाला गेला आणि मग काही वर्षांतच ओसरला.

ग्राहकाच्या दृष्टीने सालाला रोकड किंमत होती. जुन्या गाड्यांच्या बाजारभावाची पुस्तके मोल ठरवत ते सालानुसार, त्यामुळे ऑगस्टात घेतलेली नवी गाडी दोन महिन्यांत ‘गेल्या सालची’ होऊन तिचा भाव घसरे. कामगाराच्या दृष्टीने तेच साल म्हणजे साचे आणि यंत्रे बदलण्यासाठी कारखाना बंद राहण्याचे बिनपगारी आठवडे होते. १९५५मध्ये मोटार कामगार संघटनेने फोर्डकडून बेकारीच्या काळातील पूरक भत्ता मिळवला, त्यामागे हा अनुभव होता. लहान कंपन्यांना तर ही शर्यत झेपलीच नाही. दरवर्षी नवे साचे आणि त्यांची बातमी देशभर पोहोचवणारा दूरचित्रवाणी कार्यक्रम, हे दोन्ही खर्च लाखो गाड्यांवर वाटले तरच परवडत. नॅश आणि हडसन १९५४मध्ये एकत्र आल्या, त्याच वर्षी पॅकार्ड स्टुडबेकरशी जोडली गेली, पॅकार्डचे नाव १९५८नंतर उरले नाही, आणि डिसेंबर १९६३मध्ये स्टुडबेकरचा साउथ बेंड येथील कारखाना बंद पडला.

मोठ्यांनाही ही पद्धत नेहमीच तारत नसे, याचा पुरावा म्हणजे फोर्डची एडसेल. तिच्या नामकरणासाठी कंपनीने १९५५मध्ये कवयित्री मॅरिअ‍ॅन मूर यांच्याकडेही सूचना मागितल्या, आणि त्यांनी सुचवलेल्या नावांत ‘युटोपियन टर्टलटॉप’ हेही होते. अखेर हेन्री फोर्ड यांच्या दिवंगत मुलाचे नाव देण्यात आले. महिनोन्‌महिने गाडी न दाखवता तिचे कुतूहल वाढवणाऱ्या जाहिराती झाल्या, ४ सप्टेंबर १९५७ रोजी गाडी उघड झाली, आणि १३ ऑक्टोबर रोजी सीबीएस वाहिनीवर ‘द एडसेल शो’ सादर झाला. बिंग क्रॉस्बी, फ्रँक सिनात्रा, रोझमेरी क्लूनी आणि लुई आर्मस्ट्राँग एकाच मंचावर होते. कार्यक्रम गाजला, गाडी गाजली नाही. मंदीच्या तोंडावर आलेली, मधल्या किमतीची आणि चमत्कारिक उभ्या जाळीची ही गाडी तीन मॉडेल वर्षांत मिळून सुमारे १ लाख १० हजार इतकीच खपली आणि नोव्हेंबर १९५९मध्ये ती बंद करण्यात आली. दूरचित्रवाणी लोकांना दुकानाच्या काचेपर्यंत आणू शकते, पण काचेआडची वस्तू त्यांना आवडलीच पाहिजे अशी सक्ती करू शकत नाही, हे जाहिरातसंस्थांना या प्रकरणातून उमगले. याच सुमारास, १९५८मध्ये, सिनेटर मनरोनी यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्यामुळे प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर छापील किंमतपत्रक चिकटवणे बंधनकारक झाले.

पन्नाशीच्या अखेरीस टीकेची धार वाढली. औद्योगिक रेखनकार ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी अभिमानाने मिरवलेली ‘नियोजित कालबाह्यता’, म्हणजे वस्तू निकामी होण्याआधीच ती जुनी वाटावी अशी योजना, लेखक व्हान्स पॅकार्ड यांनी १९६०च्या ‘द वेस्ट मेकर्स’ या ग्रंथात आरोप म्हणून मांडली. १९६२मध्ये फिशर, ग्रिलिशेस आणि केसन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९४९नंतरच्या बदलांचा खर्च मोजला, आणि पन्नाशीच्या उत्तरार्धात तो गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक भरतो असा निष्कर्ष काढला. या हिशेबात गाडीचा वाढलेला आकार आणि शक्ती यांचाही खर्च आहे. तो सगळाच वाया गेला, असे त्यांचे म्हणणे नव्हते.

सर्वांत परिणामकारक टीका मात्र जाहिरातीनेच केली. डॉइल डेन बर्नबाख या न्यूयॉर्कच्या संस्थेने फोक्सवॅगनसाठी १९५९पासून चालवलेल्या मोहिमेत बदल न होणे हाच गुण ठरवला. छापील जाहिरातीत एकदा तर, गाडी तशीच दिसते म्हणून, गाडीचे चित्रच दिले नाही. साठच्या दशकाच्या अखेरीच्या दूरचित्रवाणी जाहिरातीत या संस्थेने १९४९चे मोटारप्रदर्शन नव्याने उभे केले: डिसोटो, हडसन, पॅकार्ड आणि स्टुडबेकर यांच्या मंचांभोवती गर्दी जमलेली असते, निवेदक भविष्याच्या बाता मारत असतात, आणि कोपऱ्यात फोक्सवॅगनचा माणूस आपली गाडी थोडी थोडी सुधारत राहण्याचे साधे आश्वासन देत असतो. प्रेक्षकाला ठाऊक होते, की त्या गर्दीतील चारही नावे आता संपली आहेत. अर्थात फोक्सवॅगनचीही मागची काच १९५३मध्ये आणि पुन्हा १९५८च्या गाडीत बदलली होती, आणि जाणकार तिचेही साल काचेवरून ओळखत; न बदलण्याचा दावा हीदेखील शेवटी जाहिरातच होती.

या उलाढालीचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता, आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून युद्धानंतर कुर्ल्याला क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्या बाहेर पडत. शासनाने केवळ जुळणीऐवजी देशी उत्पादनाचा आग्रह धरल्यावर जनरल मोटर्सने १९५४मध्ये काढता पाय घेतला, आणि अमेरिकी सालांची रांग मुंबईच्या रस्त्यांवर तेथेच थांबली. कुर्ल्यातून १९६४पासून निघालेली फियाट पुढे ‘पद्मिनी’ या नावाने जवळजवळ शतकाच्या अखेरपर्यंत तशीच राहिली. दूरदर्शनवर जाहिराती १९७६मध्ये सुरू झाल्या, तेव्हा येथील गिऱ्हाईक गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेला होता, आणि नव्या सालाचे आमिष दाखवण्याची गरज कोणालाच नव्हती.

अमेरिकेत या रचनेला पहिला तडा मोटारीमुळे नव्हे, तर दूरचित्रवाणीच्या अर्थकारणामुळे गेला. १९५९मध्ये प्रश्नमंजुषांतील लबाडी उघडकीस आल्यावर वाहिन्यांनी कार्यक्रमांची सूत्रे स्वतःकडे घेतली. कार्यक्रम इतके महागले होते की एका कंपनीला ते पेलवेनात, आणि एकेका मिनिटाची जाहिरात अनेकांना विकली जाऊ लागली. फोर्डने याच बदलाचा फायदा घेतला. १६ एप्रिल १९६४च्या रात्री साडेनऊ वाजता मस्टँग गाडीची जाहिरात तिन्ही राष्ट्रीय वाहिन्यांवर एकाच वेळी झळकली, म्हणजे त्या क्षणी संच चालू असलेल्या घराला ती टाळणे जवळपास अशक्य होते. दुसऱ्या दिवशी वितरकांकडे सुमारे २२ हजार मागण्या नोंदल्या गेल्या आणि पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. एप्रिलात आलेली ही गाडी कोणत्या सालाची, हा प्रश्न लोकांनी तिला ‘साडेचौसष्टची’ म्हणून सोडवला; कंपनीच्या नोंदीत मात्र ती प्रथमपासून १९६५चीच होती.

पुढच्या काळात रूप बदलण्यासाठी राखलेला पैसा अन्यत्र वळवावा लागला. राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तक ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ १९६५मध्ये प्रसिद्ध झाले, सप्टेंबर १९६६मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा झाला, त्यानंतर धुराचे नियम आले, आणि १९७३च्या तेलबंदीने मोठ्या गाडीचा डौलच अडचणीचा केला. साचे अधिक वर्षे वापरले जाऊ लागले, जपानी गाड्यांनी टिकाऊपणा पुन्हा विक्रीचा मुद्दा केला, आणि जाहिरातीत पुढच्या जाळीऐवजी गॅलनमागे किती मैल, हा आकडा मोठ्या अक्षरांत दिसू लागला. १९७५च्या क्रायस्लर कोर्डोबाच्या जाहिरातीत नट रिकार्डो मोंताल्बान आपल्या घोटीव आवाजात ‘कोरिंथियन’ कातड्याची तारीफ करीत, तेव्हा त्या नावाचे कातडे कोरिंथमध्ये नव्हे तर जाहिरातसंस्थेत जन्मले होते. पण त्यांच्या तारिफेत साल हा विषय नव्हता. नोंदींतून मात्र साल गेले नाही: १९८१पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला सतरा अक्षरांचा एकसारखा ओळखक्रमांक देण्याचा नियम झाला, आणि त्यातील दहावे अक्षर आजही गाडीचे मॉडेल वर्ष सांगते.